दिवसाच्या दहा कळशा : छातीच्या जुन्या संसर्गाचा थकवा सांभाळताना

आमच्या विहिरीला एप्रिलअखेर तळ दिसू लागतो. रात्रभरात झऱ्यातून साठेल तेवढंच पाणी, म्हणजे सकाळी दहा-बारा कळशा. लग्न होऊन आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी बजावलं होतं, "एकदम सगळं उपसू नको हं. खालचा गाळ ढवळतो, मग संध्याकाळी चूळ भरायलाही मिळत नाही." पुढे तिसेक वर्षांनी छातीच्या दुखण्याने मी आडवी झाले तेव्हा त्यांचं ते बोलणं आठवलं आणि उपयोगी पडलं.

मी राजापूर तालुक्यातली. प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त. आजाराला सहा वर्षं झाली, त्यातली पहिली दोन थकव्याशी भांडण्यात गेली. नुकतंच निदान झालेल्या, "औषधं चालू आहेत, पण अंगात काही राहिलंच नाही" म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणती गोळी किती घ्यायची ते इथे सापडणार नाही. घर, आवार आणि पाखाडी (घरापासून रस्त्यापर्यंतच्या पायऱ्या) यांत दिवस कसा बसवायचा, एवढंच सांगते.

१. आजाराचं नाव नीट माहीत करून घ्या

"छातीत इन्फेक्शन आहे" एवढ्यावर घरी येऊ नका. नाव कागदावर लिहून मागा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मला वर्षभर खोकला होता. थुंकीत जंतू दिसले, टीबीची औषधं सुरू झाली. पाच महिने इमानेइतबारे घेतली आणि वजन उतरतच गेलं. मग कुणीतरी थुंकीचं कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) करायला सांगितलं, तेव्हा कळलं की जंतू टीबीचे नव्हेतच, टीबीच्या जंतूंचे चुलतभाऊ आहेत. वैद्यकात त्यांना एनटीएम (नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया) म्हणतात. त्यांच्या दीडशेहून जास्त जाती आहेत आणि ते पाण्यात, मातीत, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली साध्या रंगतपासणीत ते टीबीसारखेच लाल दिसतात, म्हणून गफलत होते. सीबीनॅट ही तपासणी टीबीचा जंतू नेमका ओळखते, आणि कल्चर वाढवून जात ठरवता येते. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. रोज फोन करून उपयोग नाही, मी करून पाहिला आहे.

बहुतेकांच्या बाबतीत या जंतूंना घर मिळतं ते ब्राँकिएक्टॅसिसमुळे. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि सैल झालेल्या असतात, कफ वर सरकत नाही, आत साचून राहतो. लहानपणचा डांग्या खोकला, जुना न्यूमोनिया, बरा झालेला टीबी, यापैकी काहीही मागे असू शकतं. कधी जुन्या टीबीच्या पोकळीत बुरशी धरते. पन्नाशी उलटलेल्या, बारीक अंगकाठीच्या बायकांत एनटीएम जास्त दिसतो, आणि आमच्या वाडीत डोळे मिटून बोट ठेवलं तरी अशीच बाई सापडेल.

तुमचा आजार टीबीच असेल तर साधारण सहा महिन्यांची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून औषधं चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये खात्यात येतात (ऑक्टोबर २०२४ पर्यंत ५०० होते). एनटीएमला ही योजना लागू नाही. त्याची औषधंही लांबतात. सर्वांत नेहमीच्या प्रकारात थुंकीत जंतू येणं थांबल्यावर पुढे आणखी १२ महिने ती घ्यायची असतात. म्हणजे दीड वर्ष सहज. सगळ्यांनाच लगेच औषध देतात असंही नाही. काहींना नुसतं लक्ष ठेवून, छाती साफ ठेवायला सांगतात. "मला औषधच दिलं नाही" म्हणून घाबरू नका, कारण विचारा.

नाव कोणतंही असो, थकवा मात्र सगळ्यांचा सारख्याच चालीचा. यापुढचं सगळ्यांसाठी.

२. हा थकवा कुठून येतो ते समजून घ्या

दिवसभर लावणी करून आलं की जे होतं, ते दमणं. जेवून झोपलं की सकाळी जातं. हे तसं नाही. हा झोपून उठल्यावरही तिथेच असतो. दात घासून परत आडवं व्हावंसं वाटतं.

आत लढाई चालू असते. जंतूंशी झुंजताना शरीर जी रसायनं सोडतं, तीच मेंदूला सांगतात की पडून राहा, खाऊ नको. फ्लूच्या दोन दिवसांत होतं तेच, फक्त इथे ते महिनोन्महिने चालतं. त्यात कफ भरलेल्या छातीने श्वास घेणं हेच एक काम होऊन बसतं. रात्री खोकल्याने झोप तुटते. भूक मेल्यामुळे मांड्या-दंड वाळतात, आणि वाळलेल्या स्नायूंना तेच काम दुप्पट जड जातं. वर औषधांची मळमळ.

म्हणजे हा आळस नाही, आणि "मनावर घेतलं की जाईल" असलाही नाही. पण यातल्या काही गळत्या बुजवता येतात, म्हणून थकव्याची तक्रार घेऊन एकदा डॉक्टरांकडे मुद्दाम जा आणि रक्त तपासून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखर, यकृत. चालताना ऑक्सिजन उतरतो का, हेही चालवून बघायला सांगा, कारण बसल्या जागी आकडा छान येतो. माझं हिमोग्लोबिन ९ निघालं. चार महिने मी सगळं खापर फुफ्फुसावर फोडत होते.

मन खचलेलं असेल तर तेही सांगा. त्यावरही उपचार आहेत, आणि लांबलेल्या आजारात असं होणं फार साधं आहे.

३. दोन आठवडे वही ठेवा

शंभरपानी वही पुरे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार रकाने. काय केलं आणि त्यानंतर अंगात किती त्राण होतं, दहापैकी गुण. शिक्षिका असल्यामुळे मला गुण द्यायला आवडतात. तुम्हाला आवडत नसेल तर नुसतं "बरं", "मध्यम", "संपले" एवढं लिहा.

हे कशासाठी? तर या थकव्याची वसुली त्याच दिवशी होत नाही. सोमवारी तुम्ही बाजाराला जाऊन येता, संध्याकाळी ठीक असता, आणि बुधवारी उठवत नाही. वही नसेल तर बुधवारचा दोष बुधवारच्या जेवणाला जातो. माझ्या वहीत दहाव्या दिवशी दिसलं की दर वेळी गाळ ढवळला होता तो "आज बरं वाटतंय" असं लिहिलेल्या दिवसानंतर. बरं वाटलं की मी तुंबलेली सगळी कामं काढायचे, पेटीतले कपडेसुद्धा. मग तीन दिवस पडून. पुन्हा बरं वाटायचं, पुन्हा पेटी.

४. कळशा मोजा

वहीवरून अंदाज आला की अंगातलं त्राण म्हणजे विहिरीचं पाणी समजा आणि दिवसाला दहा कळशा धरा. तुमच्या आठ असतील, बारा असतील. माझा साधारण दिवस असा : अंघोळ आणि कपडे मिळून दोन, सकाळ-संध्याकाळ छाती साफ करणं दोन, स्वयंपाकातला माझा वाटा दोन, चालणं एक. सात झाल्या. उरल्या तीन, त्यातली एक विहिरीतच ठेवायची, काही झालं तरी. म्हणजे मनासारख्या खर्चायला दोनच.

फोन, बँकेचं काम, पाहुण्यांशी बोलणं यालाही कळशा लागतात हे मला फार उशिरा कळलं. बोलताना श्वास खर्च होतो. भावकीतल्या जमिनीचा विषय निघाला की तीन जातात, म्हणून तो विषय मी आता दिरांवर सोडला आहे.

चांगल्या दिवशी बारा असतील तर दहाच वापरा. वाईट दिवशी सहाच आहेत असं समजून आधी औषधं, छाती आणि जेवण यांची सोय करा. केर राहिला तर राहू दे. ही सवय अंगी बाणायला मला तीनेक महिने लागले, आणि घरच्यांना सहा.

विश्रांती दमल्यावर घ्यायची नसते, दमायच्या आधी घ्यायची असते. अकरा वाजता दहा मिनिटं आणि दुपारी जेवणानंतर अर्धा तास, कामाच्या वेळेसारखीच ठरलेली. सुदैवाने आपल्याकडे वामकुक्षीला कुणी नावं ठेवत नाही. भर दुपारी दोनला कोकणात दार वाजवलं तर वाजवणाराच शरमतो. फक्त जेवल्या जेवल्या सपाट पडू नका, उशा लावून टेकून बसा. पोटातलं आंबट वर येऊन श्वासनळीत उतरलं तर छातीचं दुखणं वाढतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात किंवा तीननंतर झोपलात तर रात्रीची झोप हातची जाते.

५. घर बसून काम करण्यासारखं करा

आपली जुनी घरं जमिनीवर बसून काम करायची. विळी खाली, खवणी खाली, पाटावरवंटा खाली. खाली बसणं सोपं आहे, उठताना मात्र कळशी सांडते. मी विळी सोडून सुरी घेतली आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी उंच स्टूल ठेवलं. दोन नारळ एकदम खवून फ्रीजमध्ये टाकते, तेही मुलगा घरी असला की त्याच्याकडून. रोजची भांडी वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आली. हात डोक्यावर नेऊन काम केलं की दम लवकर लागतो. दोरीवर कपडे घालताना हे कळेल. दोरी खाली घ्या, किंवा घडीचा स्टँड आणा.

अंघोळ बसून. प्लास्टिकचं स्टूल न्हाणीत, पाणी कोमट, खिडकी उघडी, कारण कोंडलेल्या वाफेत दम कोंडतो. पुसण्यात शक्ती जाते म्हणून जुना सुती गाऊन ओल्या अंगावरच घालून पाच मिनिटं बसते, पाणी तो टिपतो. केस रोज धुवायचे नाहीत.

वाकून वस्तू उचलायची तर आधी श्वास घ्या, उचलताना सोडा. हे एक वाक्य फिजिओथेरपिस्टने मला दहा वेळा ऐकवलं होतं. जोर लावताना श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही.

६. छाती साफ करायला शिका

थकवा कमी करणारी, माझ्या ताब्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. यात दोन कळशा जातात, पण परत तीन मिळतात. कफ आत राहिला की त्यात जंतू पोसतात, रात्री खोकला उठतो आणि झोप जाते.

शक्य असेल तर जिल्ह्याच्या गावी किंवा कोल्हापूर-मुंबईला जाल तेव्हा एखाद्या छातीच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोरासमोर शिकून या. पद्धत थोडक्यात अशी : खुर्चीत टेकून बसा, खांदे सैल. पाच-सहा श्वास हळू, पोटाने. मग तीन-चार श्वास खोल, प्रत्येक आत घेतल्यावर दोन-तीन सेकंद थांबून सोडा. पुन्हा काही हळू श्वास. मग तोंड उघडं ठेवून "हाः" करत श्वास बाहेर ढकला, चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसा, फक्त जरा जोर लावून. एकदा मध्यम श्वास घेऊन लांबलचक, मग खोल श्वास घेऊन आखूड. कफ घशाशी आला की एकदाच खोका आणि थुंका. हे चक्र पंधरा-वीस मिनिटं, किंवा दोन फेऱ्या कोरड्या जाईपर्यंत. खाकरून खाकरून छाती फोडायची नाही. तसा खोकला कफ कमी काढतो आणि माणूस जास्त मोडतो.

सकाळी न्याहारीआधी एकदा, संध्याकाळी जेवणाआधी एकदा. पोट भरलेलं नको. डॉक्टरांनी नेब्युलायझर आणि खारट सलाइन दिलं असेल तर क्रम साधारण असा : आधी श्वासनळी मोकळी करणारा पंप, मग सलाइन, मग हा व्यायाम, आणि श्वासावाटे घ्यायचं अँटिबायोटिक असेल तर शेवटी. डोकं खाली करून कफ काढायची जुनी पद्धत आंबट ढेकरा येणाऱ्यांनी विचारल्याशिवाय करू नये.

नेब्युलायझरमध्ये विहिरीचं किंवा नळाचं पाणी कधीही घालू नका, निर्जंतुक सलाइनच. कप आणि तोंडाचा भाग साबणाने धुऊन, यंत्राच्या माहितीपत्रकात चालतं म्हटलं असेल तर पाच मिनिटं खळखळून उकळा आणि पूर्ण वाळवा. पावसात वाळत नाही, ही आपली खरी अडचण. मी स्वच्छ सुती फडक्यावर पंख्याखाली ठेवते, आणि दोन संच आलटून पालटून वापरते.

वीज गेली तर? आमच्याकडे जून-जुलैत ती जाते तेव्हा सांगून जात नाही. नुसता श्वासाचा व्यायाम करा, तो विजेवर चालत नाही.

७. चाला, पण पाखाडीचं गणित शिकून

फार पडून राहिलं की स्नायू आणखी वाळतात आणि थकवा वाढतो. म्हणून ताप नसेल, रक्त पडत नसेल, तर थोडं चालायचंच.

सुरुवात सपाटीवर. खळ्यात (अंगणात) किंवा पडवीत पाच मिनिटं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग. आठवडाभर तेवढंच, मग दोन मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी वहीत गुण उतरले तर पुन्हा मागे या. सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं पाच वेळा, आणि पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून वाकवणं. एवढ्यानेही मांड्यांना बळ येतं.

पाखाडी मात्र फसवी. कोकणातलं घर आणि रस्ता यांच्यात चिऱ्यांच्या पायऱ्या असतातच, आमच्याकडे त्रेसष्ट आहेत. उतरताना काही वाटत नाही आणि अर्ध्यावर कळतं की परत चढायचंय. नियम साधा : खाली जाण्याआधी वर यायच्या कळशा बाजूला काढा. चढताना पायरीवर पाय ठेवताना श्वास सोडा, ओठ शीळ घालतो तसे आवळून, घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. दर पंधरा पायऱ्यांवर थांबा, दम लागायच्या आधी. दम लागलाच तर पुढे वाकून हात मांड्यांवर टेकून उभे राहा. मी पंधराव्या, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या पायरीजवळ एकेक सपाट चिरा टाकून घेतला आहे. आता त्यावर वाडीतली म्हातारी माणसं बसतात आणि कधीकधी मलाच जागा नसते.

८. खाणं

वजन उतरलं की जंतूंचं फावतं. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी वजन करा. आमच्याकडे काटा नव्हता, मी किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभी राहायचे. दुकानदार दर वेळी "काकू, किती देऊ?" विचारायचा.

तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी. पेज पोटाला हलकी, पण नुसत्या पेजेने पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. तिच्यात तूप घाला, सोबत अंडं किंवा सुकं खोबरं-शेंगदाण्याची चटणी घ्या. कुळथाची पिठी, मूग, ताजा बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या), नाचणीचं सत्त्व दुधातून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा घरात सुकट-बोंबील निघतात. सुकी मासळी भाजताना उठणारा धूर छातीला झोंबतो, म्हणून ते काम दुसऱ्याला द्या आणि आपण खळ्यात जाऊन बसा. खारट असल्याने रक्तदाबवाल्यांनी बेताने. मासे न खाणाऱ्यांनी डाळी-कडधान्य, पनीर, दही यांवर भर द्यावा.

शिजवायलाच त्राण नसतं त्या दिवसांसाठी घरात नाचणीच्या सत्त्वाचा डबा आणि उकडलेली अंडी असू द्या. उपाशी झोपणं हा सर्वांत महाग आळस.

९. पाणी, माती, धूर

एनटीएमचे जंतू पाण्यात-मातीत असतात हे वाचून मी महिनाभर विहिरीला घाबरत होते. अख्ख्या कोकणात त्यांच्यापासून पळून जायला जागा नाही, आणि तशी गरजही नाही. टाळायचा तो पाण्याचा तुषार आणि मातीची धूळ श्वासावाटे आत जाणं. बादलीतून तांब्याने अंघोळ ही आपली जुनी रीत शॉवरपेक्षा बरी. कुंड्या, शेणखत, पातेरा (वाळका पाला) यांत हात घालायचा असेल तर माती आधी ओली करा, एन-९५ मास्क लावा. बुरशी धरलेला पेंढा आणि पावसात भिजलेली नारळाची सोडणं (वरची सालं) यांच्या वाटेला जाऊ नका, विशेषतः छातीत बुरशी निघालेल्यांनी. गोठ्याचं काम सोडा म्हटलं तर घरात वाद होतो, हे ठाऊक आहे. निदान वैरण काढायचं काम तरी सोडा.

धुराचं मात्र कडक पाळा. चुलीची चव वेगळी, हे मलाही मान्य, पण ती चव दुसऱ्या कुणीतरी फुंकलेल्या चुलीची असावी. पाण्याचा बंब पेटवताना समोर थांबू नका. फेब्रुवारी-मार्चात भाजावळ (पालापाचोळा पसरून शेतजमीन भाजणं) सुरू झाली की सकाळी दारं-खिडक्या लावून घ्या आणि चालणं संध्याकाळवर ढकला.

१०. पाऊस आणि सण

मेअखेर महिन्याभराची औषधं घरात हवीत, कारण दरड कोसळली की रस्ता आणि रेल्वे दोन्ही अडतात. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, आपल्या दमट हवेत त्या मऊ पडतात.

गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं, आणि "तू बस गो, काही करू नको" म्हणणारे सगळेच चहा मागतात. आधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस कोरे ठेवा. कामं माणसांच्या नावाने वाटून कागद लावा. मी बसून मोदकाच्या कळ्या पाडते, उकड जाऊबाई काढते, वळचणीच्या सामानाला मी हातही लावत नाही. पूर्वी शंभरावर मोदक व्हायचे, आता एकवीस. आरतीला मागे बसते, धुपापासून लांब. शिमग्यात पालखी दारी येते तेव्हा गुलाल उधळायच्या वेळी आत जाते. मानकऱ्यांना आधी सांगितलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

११. लोकांना काय सांगायचं

वाडीत बातमी टीबी म्हणून फिरते. एनटीएम असेल तर एक वाक्य पाठ करून ठेवा : "छातीत जुना संसर्ग आहे, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, औषध चालू आहे." एनटीएम सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून हे खरंच आहे. टीबी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मास्क लावा, हवा खेळती ठेवा. औषध नियमित चालू झालं की संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो, हेही लोकांना सांगा.

"दिसतेस तर चांगली" याला उत्तर नाही. मी हसते. घरच्यांना मात्र वही दाखवा. माझ्या नवऱ्याला दोन वर्षं तोंडाने सांगून जे कळलं नव्हतं ते त्या चार रकान्यांतून कळलं. आता तोच विचारतो, "आज किती कळशा?"

१२. डॉक्टरांसमोर

डॉक्टर विचारतात "कसं आहे?" आणि आपण सवयीने म्हणतो "बरं आहे." दोन तास एसटीत बसून फक्त हे सांगायला जाऊ नका. नेमकं सांगा : "मार्चमध्ये विहिरीवरून न थांबता यायचे, आता दोनदा बसते." वजनाचे आकडे, कफाचा रंग आणि रोज साधारण किती चमचे, ताप, झोप, हे अर्ध्या पानावर लिहून न्या. आधीच्या दिवशी विश्रांती, नंतरचा दिवसही कोरा.

औषधांपैकी तीन गोष्टी लक्षात ठेवा. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. पण ते बीपी, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं आणि गर्भनिरोधक गोळ्यांचं काम कमी करतं, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. एथॅम्ब्युटॉल डोळ्यांवर परिणाम करू शकतं. मी दर रविवारी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, भिंतीवरच्या कालनिर्णयमधली लाल तारीख बघते. अक्षरं धूसर किंवा लाल रंग फिका वाटला तर त्याच दिवशी फोन. अझिथ्रोमायसिनने क्वचित कानावर परिणाम होतो. कानात गुणगुण सुरू झाली तर लपवू नका. आणि घटक न लिहिलेल्या पुड्या, कुणीही कितीही मायेने आणून दिल्या तरी, या औषधांसोबत घेऊ नका. यकृतावर आधीच भार असतो.

फ्रीजच्या दारावर आमच्याकडे एक कागद चिकटवलेला आहे, मोठ्या अक्षरांत, नवऱ्याला चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून. थुंकीत ताजं रक्त चमचा-दोन चमच्यांहून जास्त. बसल्या जागी धाप. ओठ निळसर. उतरत नसलेला ताप. डोळे पिवळे, उलट्या थांबत नाहीत. नजर धूसर. यातलं काहीही झालं तर वाट न बघता डॉक्टरांना फोन, आणि रक्त किंवा धाप असेल तर १०८. खाली सीटी स्कॅनवरून डॉक्टरांनी सांगितलेलं लिहिलंय : "आजार उजवीकडे. रक्त आलं तर उजव्या कुशीवर झोपवणे, म्हणजे डावं फुफ्फुस कोरडं राहील." गाडी पाखाडीच्या खाली थांबते, म्हणून शेवटच्या ओळीत खुर्चीत बसवून खाली न्यायला येणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे नंबर आहेत.